नावाड्याचा वाण

नर्सबाईंनी धाकटीच्या दंडाला रबरी पट्टी आवळली आणि कोपराच्या खळग्यात बोटाने दोन टिचक्या मारल्या. शीर लगेच वर आली. थोरली खिडकीपाशी उभी राहून बघत होती. सुई आत गेली तेव्हा धाकटीने नेहमीप्रमाणे मान भिंतीकडे वळवली, आणि थोरलीने नेहमीप्रमाणे वळवली नाही.

"अजून भीती गेली नाही होय तुमची?" नर्सबाई म्हणाल्या. "विभागप्रमुख झालात, अख्खी इमारत तुम्हाला घाबरते, आणि तुम्ही घाबरता या एवढ्याशा सुईला."

"सुईला कोण घाबरतंय? तुमच्या बडबडीला घाबरते मी."

"मी बडबडते म्हणून बरं आहे. नाहीतर तुम्ही दोघी! सख्ख्या बहिणी, आणि 'दार लाव' एवढं सांगायलासुद्धा मी मध्ये लागते."

रक्ताची छोटी पिशवी हळूहळू गडद होत होती, आणि थोरलीचे लक्ष तिकडे होते.

हिवतापाचे परजीवी प्रयोगशाळेत वाढवायचे तर त्यांना माणसाचे रक्त लागते. रक्तपेढीतले चालते, पण ताज्याची सर त्याला नाही. ताजे वापरायचे तर मात्र त्या खोलीत एक नियम होता: जो बाटल्या हाताळतो त्याने स्वतःचे रक्त त्यांत घालायचे नाही. परजीवी आपल्याच रक्ताला सरावले आणि एखाद्या दिवशी फुटकी काच बोटात गेली तर, अशी त्यामागची भीती होती. ती खरी की उगीचची, हे कुणी पडताळून पाहिले नव्हते. नियम मात्र सगळे पाळत. म्हणून थोरलीच्या बाटल्यांना दर महिन्याला धाकटीचे रक्त मिळत असे. आईच्या आजारपणानंतर थोरली कामावर परतली त्याच आठवड्यात धाकटी आपण होऊन बाही वर करून या खुर्चीत येऊन बसली होती. थोरलीने नको म्हटले नव्हते. मनातल्या मनात ती म्हणाली होती, दे. तुझेच दे.

"ताई," धाकटी भिंतीकडे बघतच म्हणाली. "दोन महिन्यांनी बाहेरचे पाहुणे यायचेत. त्यांच्यासमोर डासांना रक्त पाजून दाखवायचंय."

"कुठल्या वाणाचं?"

"नावाडी. दुसरा कुठला? विळे लागतील. भरपूर लागतील."

"मिळतील की," थोरली म्हणाली.

तिचा आवाज तिला स्वतःलाच फार सरळ वाटला. नर्सबाईंनी सुई काढून कापूस दाबला. पिशवी थोरलीच्या हातात आली; कोमट होती, हातात धरलेल्या पाखरासारखी. व्हरांड्याच्या टोकाला गेल्यावर तिच्या लक्षात आले की आपण हसत आहोत. समोरून माणसे येत होती, म्हणून तिने पदराने तोंड पुसल्यासारखे केले.

नावाडी हा वाण खरोखरच एका नावाड्याच्या रक्तातून आला होता. दवाखान्यात तापाने फणफणून पडलेला एक दांडगा माणूस. दोघी बहिणी त्या वेळी नवख्या, रक्ताची नळी मागायला एकमेकींना पुढे ढकलत गेलेल्या. "घ्या की, मला तरी काय करायचेत हे पाहुणे ठेवून," तो म्हणाला होता. तो बरा होऊन आपल्या वाटेने गेला. त्याचे पाहुणे बाटलीत राहिले.

बाटलीत त्यांचा संसार एकसुरी चालतो. एका रक्तपेशीत शिरायचे, आतच वाढायचे, पेशी फोडून बाहेर पडायचे आणि पुढच्या पेशीत शिरायचे. काचेवर रक्ताचा पातळ थर पसरून जांभळा रंग दिला की ते पेशींमध्ये अंगठ्यांसारखे दिसतात. याने त्यांची संख्या वाढते, पण त्या रक्तातून त्यांची सुटका होत नाही. बाहेर पडायचे तर डासाच्या पोटात जावे लागते, आणि तिथे जगण्यासाठी नर आणि मादी व्हावे लागते. ते सगळ्यांना होता येत नाही. थोडेसेच तो रस्ता धरतात. ते वाढणे थांबवतात, दोन आठवडे लांबट होत जातात आणि शेवटी विळ्यासारखे वाकतात. पुस्तकात त्यांना भारदस्त नाव आहे. या इमारतीत सगळे त्यांना विळेच म्हणत.

विळे केव्हा धरतात हे पूर्वी नशिबावर होते. थोरलीने ते नशिबाकडून काढून घेतले होते. पेशी दाटीने भरू द्यायच्या, ताजे रक्त अजिबात घालायचे नाही, आणि रोजचे पोषकपाणी बदलताना निम्मे जुने, त्यांनीच खराब केलेले, तसेच ठेवायचे. वाईट दिवस आले आहेत असे त्यांना पुरते पटले पाहिजे. पटले की ते निघायची तयारी करतात. किती जुने ठेवायचे, किती उपास सोसवतो आणि कुठल्या टोकाला ते मरून जातात, ही सगळी अटकळ तिने हातांनी शिकून घेतली होती. पहिल्यांदा काच विळ्यांनी भरलेली दिसली तेव्हा दोघींनी आळीपाळीने सूक्ष्मदर्शकावर डोके ठेवून आरडाओरडा केला होता. शेजारच्या खोलीतून कुणीतरी काय झाले म्हणून पळत आले होते.

मग आई पडली. कुणीतरी घरी राहायला हवे होते. "ताई, तू थांब, मी इथलं बघते," धाकटी म्हणाली, आणि त्यात तेव्हा काही वावगे वाटले नाही. रोज संध्याकाळी तिचा फोन येई. किती पाणी काढू, किती ठेवू, आज रंग काळपट दिसतोय तर काय करू. थोरली फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये धरून आईला कुशीवर वळवत असे आणि उत्तरे देत असे.

मग तो शोध छापून आला. त्यावर नाव एकट्या धाकटीचे होते. अगदी शेवटी, बारीक अक्षरांत, एक ओळ: बाटल्यांची काळजी घेतल्याबद्दल माझ्या थोरल्या बहिणीचे आभार.

आईने ते कौतुकाने वाचून घेतले होते. "बघ हो, विसरली नाही तुला," आई म्हणाली होती. तिच्या देखत काय बोलणार? थोरली मूग गिळून बसली. आणि आई गेली तेव्हा भांडण इतके शिळे झाले होते की ते काढायलाही लाज वाटली. धाकटीला तोवर वरची जागा मिळाली होती.

काळजी घ्यायची ना, थोरली मनाशी म्हणाली. घेते.

तिने घेतलेली काळजी इमारतीत वाखाणली जाई. नावाड्याच्या बाटल्यांना तिने कधी तीळभर कमी पडू दिले नाही. ठरल्या वेळी ताजे रक्त, स्वच्छ पाणी, दाटी होण्याआधीच मोकळी जागा. बाटल्यांना लागते तशी कमी प्राणवायूची हवा द्यायला इतर खोल्यांत यंत्रे आली होती, पण ती अजून जुनी काचेची बरणी वापरी. बाटल्या आत ठेवायच्या, शेजारी मेणबत्ती लावायची आणि ज्योत मावळू लागली की झाकण फिरवून बंद करायचे. जावयाचे काय करतील असे लाड. लोक म्हणत, थोरल्या बाईंचा हात मायेचा आहे. ती मान खाली घालून हसे.

कारण तिला माहीत होते की वाण असा सुखात ठेवला, वर्षानुवर्षे एक दिवसही उपाशी राहू दिला नाही, की तो विळे धरायचे विसरतो. आधी कमी धरतो. मग एखाददुसरा, वाकडातिकडा. मग नाही. आणि एकदा विसरला की विसरला. पुढे कितीही छळा, त्याच्या आतले ते पानच गळून गेलेले असते. वरून काही दिसत नाही. उलट, तो पूर्वीपेक्षा जोमाने वाढतो. असे कुणाच्याही हातून नकळत होते, पुष्कळ ठिकाणी झाले आहे. तिने ते मुद्दाम केले होते. थंड टाकीत गोठवून ठेवलेल्या नावाड्याच्या जुन्या नळ्याही तिने एकेक करून काढून टाकल्या होत्या. जागा हवी होती, असे सांगून. मग ती वाट बघत बसली. डूख धरायचा तर असा धरावा, की ज्याला डसायचे त्याच्याच रक्तावर तो पोसला जावा.

आणि आता पाहुणे येणार होते.

दुसऱ्या दिवसापासून तिने विळ्यांच्या बाटल्या लावल्या. अगदी नियमाने लावल्या. ताजे रक्त बंद केले, निम्मे पाणी जुने ठेवले. कुणी शेजारी उभे राहून पाहिले असते तरी त्याला बोट दाखवायला जागा सापडली नसती. रोज सकाळी धाकटी दारातून डोकवी.

"आले का गं?"

"येतील. घाई करून चालत नाही."

"नाही नाही, तुझं चालू दे."

दार लागले की थोरली काच सूक्ष्मदर्शकाखाली घेई. अंगठ्या, नुसत्या अंगठ्या. काही दिवसांनी त्याही उपासाने आकसून काळ्या ठिपक्यांसारख्या झाल्या. एकही वाकला नाही. ती काच कडेपर्यंत सरकवत नेई, रांगेमागून रांग, कुणी पाहुणी आल्यावर घर दाखवावे तशी सावकाश. तिच्या डोळ्यांसमोर तो दिवस उभा राही: उपाशी डासांचे पिंजरे, गोल करून उभे राहिलेले पाहुणे, आणि पाजून झाल्यावर, आठवड्याभराने, उघडलेल्या पोटांत काहीच नाही. धाकटीच्या तोंडावरचा रंग उतरताना तिला दिसे. तो ती पुन्हा पुन्हा उतरवून बघे. मग धाकटी वळेल आणि म्हणेल, ताई, हे कसं झालं? आणि आपण म्हणू, मी तर काळजीच घेतली.

हे वाक्य तिने घरी आरशासमोरसुद्धा म्हणून पाहिले होते. ते जितके साधे म्हणावे तितके चांगले लागत होते.

पाजण्याच्या दिवशी बाटली कुठे ठेवायची हे बघायला म्हणून ती डासघरात गेली. खरे तर तिला ती जागा डोळे भरून बघून घ्यायची होती. डासघर म्हणजे दुहेरी दारांची, उकडती, दमट खोली. तिथे जाळीचे पिंजरे सांभाळणारा एक जाडसर, घामेजलेला माणूस असे. त्याला सगळे डासवाला म्हणत आणि तो डासांच्या माद्यांना पोरी म्हणे.

"या, या, थोरल्या बाई! जाताना पदर झटका हं, माझी एखादी पोर तुमच्याबरोबर पळून जायची."

"किती ठेवल्यात?"

"पिंजरे भरून. त्या दिवशी साखरेच्या पाण्याचा कापूससुद्धा काढून घेणार. उपाशी पोर कशी तुटून पडते बघाच तुम्ही. पोट भरलेली नुसती भिंतीला टेकून बसते, आपल्या विभागातल्या साहेबलोकांसारखी."

थोरली हसली. बऱ्याच दिवसांनी मोकळे हसली.

"विळे कुठल्या बाटलीतले येणार म्हणे?" त्याने विचारले.

"नावाड्याचे. माझ्या."

डासवाल्याचा कापूस पिळणारा हात थांबला. "तुमचा तो रोजचा? का जुना?"

"जुना कुठला?"

"नाही, म्हणजे..." त्याने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. "धाकट्या बाईंनी सांगितलं असेल ना तुम्हाला. आम्ही मागे पाजून बघितलं होतं की तुमच्या बाटलीतलं. दोनदा. पोरी टुम्म फुगल्या, पण पोटं उघडली तर एकीतही काही नाही. तुम्ही परत आलात त्यानंतरचं दुसरं की तिसरं वर्ष असेल. बाई म्हणाल्या, कुणाला बोलू नका, थोरल्या बाईंना वाईट..."

इथे त्याला आपण काय करतो आहोत हे कळले, आणि तो घाईघाईने एका पिंजऱ्याची जाळी तपासू लागला. त्या जाळीला काहीही झाले नव्हते.

विभागप्रमुखांच्या खोलीचे दार थोरलीने न ठोठावता उघडले. धाकटी टेबलाशी चहा घेत होती. बहिणीचे तोंड बघून तिने कप खाली ठेवला, उठली, थोरलीच्या मागचे दार लावले आणि पुन्हा जागेवर जाऊन बसली.

"तुला माहीत होतं," थोरली म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"ठके, माझ्याशी खेळू नकोस."

हे लहानपणचे नाव तिच्या तोंडून कित्येक वर्षांत आले नव्हते. आत्ता आले ते रागाने, पण आले. धाकटीने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हो. माहीत होतं."

"मग विळे कशाला मागितलेस माझ्याकडे?"

"तू सांगतेस का ते बघायचं होतं."

"आणि नसतं सांगितलं मी? पाहुण्यांसमोर?"

"पाहुण्यांसमोर माझं नाक कापलं गेलं असतं. तेच हवं होतं ना तुला?" धाकटी जराशी हसली, पण ते हसू टिकले नाही. "तेवढी काही मी खुळी नाही, ताई. तू टाकीतल्या नळ्या काढायला लागलीस तेव्हाच मी दोन उचलून ठेवल्या. तुझ्याच अक्षरातल्या. एक अजून गोठलेली आहे."

थोरली खुर्चीची पाठ धरून उभी होती. तिला बसायचे नव्हते.

"मग माझ्या बाटल्या कशाला चालू ठेवल्यास? उपयोग नाही हे माहीत असून?"

"बंद केल्या असत्या तर तू घरी बसली असतीस. आईच्या खाटेकडे बघत."

"म्हणजे मला भातुकली मांडून दिलीस."

"तू म्हण तसं."

"सगळे म्हणत होते माझा हात मायेचा आहे, आणि तू इथे बसून हसत होतीस."

"हसले नाही गं."

"आणि रक्त?" थोरलीचा आवाज चढला. "ते कशाला देत राहिलीस? दर महिन्याला, भिंतीकडे तोंड करून? वांझ वाणाला कशाला घातलंस स्वतःचं रक्त?"

धाकटीने नकळत कोपराच्या खळग्यावर दुसरा हात ठेवला. त्या जागी कातडी आता किंचित निबर झाली होती.

"दुसरं काय घेतलं असतंस तू माझ्याकडून?" ती म्हणाली.

आरशासमोर तयार केलेले वाक्य थोरलीच्या तोंडात होते, पण ते आता कुणाला म्हणायचे हे कळेना. टेबलावरचा चहा निवत चालला होता.

"ती नळी तूच वाढव," धाकटी म्हणाली. "दुसरी मी वाढवून बघितली होती. नाही जमत मला. शेवटी शेवटी ते मरायला टेकतात ना, तेव्हा मला धीर निघत नाही, मी रक्त घालते. मागे जमलं, कारण फोनवर तू होतीस. घालू नकोस, मरू दे, म्हणायचीस." तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आणि या वेळी वर नाव तुझं..."

"ते ठेव तुझ्याकडे," थोरली म्हणाली. "नळी कुठंय?"

खोलीत परतल्यावर तिने बरणीचे झाकण काढून रोजच्या बाटल्या उजेडात धरल्या. तळाशी लालभडक थर, वर स्वच्छ पाणी. कुठे गढूळ नाही, कुठे काळपट नाही. किती सुखात होते ते. तिने त्या पुन्हा आत ठेवल्या आणि मेणबत्ती पेटवली, पण झाकण फिरवायचे तिच्या लक्षात राहिले नाही. ज्योत पुष्कळ वेळ तशीच जळत राहिली.

गोठलेली नळी जिवंत झाली. आधी अंगठ्या वाढवाव्या लागल्या, आणि त्यासाठी रक्त लागलेच. त्या महिन्यात नर्सबाईंच्या खुर्चीत धाकटी बसली, थोरली खिडकीपाशी उभी राहिली, आणि नर्सबाईंनी हवेवर बोलून घेतले. मग थोरलीने रक्त तोडले. निम्मे पाणी जुने. रंग काळपट झाला, मग आणखी काळपट. धाकटी आता दारातून डोकवत नव्हती. दाराबाहेर पावले थांबत आणि पुढे जात. थोरलीला ती ऐकू येत. ती मुद्दाम सूक्ष्मदर्शकावरून डोके उचलत नसे.

एका सकाळी काचेवर एक लांबट आकृती दिसली, दोन्ही टोकांना निमुळती. नंतर बऱ्याच. मग त्या वाकू लागल्या. थोरली एकटीच बघत होती. या वेळी शेजारच्या खोलीतून कुणी पळत आले नाही.

तिचा राग यातून कमी झाला असे नाही. उलट, त्याला आता जागाच राहिली नव्हती, आणि बिनजागेचा राग घरभर फिरतो तसा तो फिरत होता. इतकी वर्षे आपण हिच्या डोळ्यांदेखत हिचा सूड घेत होतो आणि ही बाही वर करून आपल्याला तो घेऊ देत होती. यापेक्षा तिने आपल्याला हाकलून दिले असते तरी चालले असते. मग एक विचार तिच्या मनात आला, आणि तो इतका सोपा होता की ती दचकली. तयार विळ्यांना थंडी सोसत नाही. ऊब गेली की त्यांना वाटते डासाच्या पोटात पोहोचलो. नर फुटतात, चाबकासारखे धागे सोडतात, थोडा वेळ तडफडतात आणि संपतात. त्यानंतर ते डासाला पाजून काही उपयोग नाही. डासघराच्या वाटेवर, व्हरांड्यात, उघड्या खिडकीखाली दगडी कट्टा होता. बाटली तिथे जरा टेकवली, पदर सारखा करण्यापुरती, तरी पुरे होते.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तिने रोजच्या बाटल्या बरणीतून बाहेर काढल्या, ओळीने मांडल्या आणि प्रत्येकीत ब्लीच ओतले. लालभडक थर क्षणात मातकट झाला. तिने ते सगळे मोरीत सोडले आणि बरणी घासून पालथी घातली.

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी थंडी होती. थोरलीने विळ्यांची बाटली कोमट पाण्याच्या दोन पिशव्यांमध्ये घेतली, दोन्ही हातांनी दाबून धरली आणि व्हरांड्यात आली. खिडकी उघडी होती. कट्टा रिकामा होता, नुकताच पुसलेला, ओलसर. ती तिथे उभी राहिली. खाली अंगणात पाहुण्यांची गाडी येऊन थांबली होती; दारे लागल्याचे आवाज आले. पिशव्यांची ऊब तळव्यांना लागत होती.

"अहो थोरल्या बाई!" नर्सबाईंनी शेजारच्या खोलीतून हाक मारली. "या जरा. आज रक्ताची तारीख आहे, आणि तुमच्या बहिणीला आजच वेळ आहे म्हणे. पाहुणे वर यायच्या आत उरकू."

थोरली दारात गेली. धाकटी चांगले कपडे करून त्या खुर्चीत बसली होती, एक बाही कोपराच्या वर दुमडलेली. दंडाला रबरी पट्टी बांधून झाली होती. तिने थोरलीच्या हातांकडे पाहिले, पिशव्यांमधल्या बाटलीकडे, आणि मग भिंतीकडे तोंड वळवले.

"पट्टी सोडा," थोरली म्हणाली.

"का?" नर्सबाई म्हणाल्या.

"रक्त नकोय."

धाकटीने मान वळवली. "आज नको? बरं. मग पाहुणे गेले की उद्या..."

"जुने सगळे संपवले मी काल. ब्लीच घातलं."

"पण या नव्याला लागेलच ना."

"त्याला रक्तपेढीचं चालेल. याचे लाड नाही करायचे."

"तरी पुढच्या महिन्यात..."

"पुढच्या महिन्यातही नको," थोरली म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःला सरळ वाटला, आणि या वेळी तो सरळच होता. "तुझं आता नकोच."

नर्सबाईंनी पट्टी सोडली. धाकटीच्या तोंडावरचा रंग उतरला. कपाळापासून हनुवटीपर्यंत, जसा थोरलीने मनात शंभरदा उतरवून पाहिला होता अगदी तसा. फक्त इथे पाहुणे नव्हते, पिंजरे नव्हते, आणि बाटली विळ्यांनी भरलेली होती. थोरलीने ते नीट पाहून घेतले. घाई केली नाही.

धाकटीने बाही खाली ओढली. मनगटाचे बटण एका हाताने लागेना. तिने दोनदा प्रयत्न केला. पूर्वी, शाळेच्या दिवसांत, हे बटण कोण लावून देत असे ते त्या खोलीत दोघींनाच माहीत होते. तिने तो हात थोडासा पुढे केला. केला की नुसताच मांडीवरून घसरला, सांगता आले नसते.

"आणा की हो, थोरल्या बाई!" पलीकडून डासवाला ओरडला. "पोरी खोळंबल्यात!"

थोरली जागची हलली नाही. तिचे दोन्ही हात बाटलीभोवती होते, आणि बाटली निवू द्यायची नव्हती.